हतनूरला जाऊन येतो

रात्रपाळी सुटली की विमलताई
रेल्वे दवाखान्याच्या फाटकाशी उभी असते.
स्वेटर चढवलेला, कानाला रुमाल,
अंगाला डेटॉलचा वास.
मी स्कूटर बंद करत नाही. बंद केली की
या थंडीत पुन्हा पंधरा किका.
"बस," म्हणते. ती बसते.
नणंद-भावजयीत याहून जास्त बोलणं
सकाळी सातला होत नाही.

घरी सांगून ठेवलंय : हतनूरला जाऊन येतो.
"काय आहे तिथे?" सासऱ्यांनी पहिल्या वर्षी विचारलं होतं.
"पाणी."
"नळाला येत नाही का?"
"आठ दिवसांनी येतं," मी म्हटलं.
विषय तिथेच मिटला.

हायवे सोडला की केळीच्या बागा.
रात्री कुणी बांधावर ओला पाचोळा पेटवून ठेवलाय,
घडांना थंडी लागू नये म्हणून.
धूर वर जायला तयार नाही,
पानांच्या काखेत हात घालून बसलाय.
"सतरा नंबरची म्हातारी गेली," ताई मागून म्हणते,
"साडेतीनला."
मग तिचं कपाळ माझ्या पाठीवर टेकतं,
एकदा, दोनदा.
मी गाडी तीसवर आणते.

पाणी मागे सरलंय. उघड्या गाळावर
सुपडू भोईने हरभरा टाकलाय, तो वीतभर आलाय.
"लई उशीर केला वं माय यंदा," तो म्हणतो,
"तुमचे पाहुने कवाचे येऊन बसले."

पुस्तकात त्यांना पट्टकदंब म्हणतात.
पांढऱ्या डोक्यावर मागून दोन काळ्या रेघा,
कुणी हिशेब मांडायला बसलं
आणि दोनवरच उठून गेलं, तशा.
हिमालय ओलांडून येतात हे, असं सांगितलं
तेव्हा सुपडूला आधी पटलं नाही.
मग बराच वेळ हरभऱ्याकडे बघून म्हणाला,
"इतक्या लांबून आले, तं खातीनच ना."

आम्ही आलो वीस-बावीस किलोमीटर.

ताई धरणाच्या दगडी उतारावर आडवी होते,
ऊन गुडघ्यापर्यंत आलेलं, ओढणी तोंडावर.
गेली चार वर्षं ती इथे येते
आणि अजून तिने एकही पक्षी धड पाहिलेला नाही.
मी मोजते. दुर्बीण जुनी, उजवीकडून धुकट.
चक्रवाक सहा. शेकाटे पुष्कळ,
गुलाबी पाय पाण्यात मोडून उभे.
जलपर्णीच्या कडेला एक धोबी
शेपटी हलवत गाळ तपासतो,
जणू आजच ताबा घ्यायचाय.
पट्टकदंब एकशे एक, एकशे दोन...

मध्येच मान वळवते.
झोपेत ताईची तीन बोटं
आपल्याच मनगटावर गेली आहेत.
ती पण काहीतरी मोजतेय.

एकशे त्रेचाळीसला लांबून फॅक्टरीचा भोंगा होतो.
सगळा काठ उचलला जातो.
आधी पंख ऐकू येतात, मग आवाज,
एखाद्या लग्नातली सगळी माणसं
एकदम नाकात बोलू लागावीत, तसा.
सुपडू शिवी देतो. भोंग्याला की पाखरांना, कळत नाही.

दुपारी तुराट्या पेटवून आम्ही वांगी टाकतो,
हिरवी, लांब, बामणोदची.
साल तडकते, रस निखाऱ्यावर सुसावतो.
मिरची, लसूण, कांद्याची पात ठेचून तयार,
कळण्याच्या भाकरी घरून आणलेल्या.
या वासाने ताई उठते. गालावर दगडाची नक्षी.
"किती झाले?"
"एकशे त्रेचाळीसपर्यंत आले होते. मग उडाले."
"मग? परत मोज,"
ती वॉर्डातल्या आवाजात म्हणते
आणि वांग्याला देठाने उचलून फुंकर घालते.

ते आता पलीकडच्या काठावर बसलेत,
कुणाच्या तरी दुसऱ्याच हरभऱ्यात.
ऊन नेमकं डोळ्यांवर.
एका हातात भाकरी, दुसऱ्यात दुर्बीण.
मी एकपासून सुरू करते.